सगळे आले का?

मृग नक्षत्र लागलं की शेतकरी आभाळाकडे बघतो आणि पुण्यातला मोटारसायकलवाला लेहच्या तापमानाकडे. दोघांचंही बरोबर आहे. इकडे ढग सह्याद्रीला धडकून रस्त्यांचे ओढे करत असतात, तेव्हा लडाख हिमालयाच्या पाठीमागे कोरडाठाक बसलेला असतो. मोसमी वारे तिथवर पोचेपर्यंत त्यांच्यातलं पाणी संपलेलं असतं. मनाली-लेह रस्त्यावरचा बर्फ सीमा सडक संघटनेची माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर कापून काढतात आणि दिवाळीच्या आगेमागे तो रस्ता पुन्हा बर्फाखाली जातो. मधल्या काळात त्यावरून लष्कराचे ट्रक जातात, पेट्रोलचे टँकर जातात, मेंढ्या जातात आणि एमएच बारा, एमएच चौदा जातात. या शेवटच्या दोन जमातींची संख्या दरवर्षी वाढते आहे.

एकट्याने जाणारेही असतात. त्यांना कुणाची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. खरा विषय गटाचा. बारा मराठी माणसं बारा मोटारसायकलींवर एकाच दिशेला निघाली की रस्त्यावर एक सहकारी गृहनिर्माण संस्था चालू लागते. तिला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, नियमावली असते, आणि प्रत्येक ठरावाला ‘माझा विरोध नोंदवून घ्या’ म्हणणारा एक सभासद असतो. पार्किंगवरून भांडणं तेवढी होणार नाहीत असं वाटलं होतं. ती पहिल्याच ढाब्यावर झाली.

लीडर व्हायला पात्रता एकच लागते: त्याने आधी एकदा जाऊन यायला हवं. आमचे लीडर जाऊन आले होते, तेही अटल बोगदा व्हायच्या आधी, रोहतांगच्या खिंडीवरून. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य ‘रोहतांगला आम्ही’ असं सुरू व्हायचं आणि ‘तुम्हाला काय, आता सोपं झालंय’ असं संपायचं. त्यांनी निघण्याआधी ग्रुपवर एक पीडीएफ टाकली होती. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, स्वीपच्या, म्हणजे सगळ्यांत शेवटच्या गाडीच्या, मागे कुणी राहायचं नाही, मूठ वर केली की थांबायचं, डावा पाय बाहेर काढला की डावीकडे खड्डा आहे असं समजायचं. मनालीच्या पुढे रस्त्याचं रूप असं झालं, की हा नियम पाळायचा तर लीडरना दोन्ही पाय बाहेर काढूनच गाडी चालवावी लागली असती.

बाकी मंडळी अशी: दोन इंजिनियर, जे टायरमध्ये हवा किती असावी यावरून चंदीगडपासून एकमेकांशी बोलत नव्हते. एक सी.ए., म्हणजे आपोआप खजिनदार. एक डॉक्टर, पण दातांचे. रील करणारा एक मुलगा, ज्याच्या हेल्मेटवर एक, हँडलवर एक आणि छातीवर एक असे कॅमेरे होते. त्यातला एकही कॅमेरा रस्त्याकडे बघत नव्हता. दोघी बायका, दोघी आपापली हिमालयन मोटारसायकल चालवणाऱ्या. आणि काका. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांची बुलेट त्यांच्याही आधीच निवृत्त व्हायला हवी होती अशी. बिडाचं जुनं इंजिन, किकवर सुरू होणारी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. ‘काका, जरा मी चालवून बघू का?’ असं कुणीतरी एकदाच विचारलं. त्याने ब्रेक समजून गिअर टाकला आणि परत विचारलं नाही.

मला स्वीपच्या बरोब्बर पुढची जागा मिळाली. मानाची नाही, पण लिहिणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा सापडणार नाही. पुढच्या गाड्यांवरून जे जे सुटतं ते आपल्यासमोर येऊन पडतं. बंजी कॉर्ड, डाव्या पायाची चप्पल, गुडघ्याचा गार्ड, सेल्फी स्टिक, बाकरवडीचं फुटलेलं पाकीट, एकदा तर आरसी बुकाचा अख्खा पाऊच. संध्याकाळी मुक्कामावर या वस्तू मालकांना परत करताना ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की जणू मीच त्या काढून घेतल्या होत्या.

गाड्या रेल्वेच्या पार्सलने उत्तरेला गेल्या होत्या. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून, गोणपाटात शिवून, वर ब्रशने नाव-पत्ता रंगवून. त्या अवस्थेत काकांची बुलेट आणि रीलवाल्या मुलाची नवीकोरी गाडी यांतला फरक त्यांच्या आयांनाही ओळखू आला नसता. असो.

मनालीहून निघालं की तासाभरात अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० ला त्याचं उद्घाटन झालं. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची दहा हजार फुटांच्या वर, आणि वाचलेलं अंतर ४६ किलोमीटर. आत शिरताना देवदार, धुकं, रेनकोट. बाहेर पडताना लाहूलचं कोरडं ऊन आणि उघडेबोडके डोंगर. दहा-बारा मिनिटांत ऋतू आणि मुलूख दोन्ही बदलतात. लीडरना हा बोगदा मनापासून आवडत नाही. ‘रोहतांगला आम्ही चिखलात गाड्या ढकलल्या होत्या,’ ते म्हणाले. त्यावर काका म्हणाले, ‘मग तुम्ही जा वरून, आम्ही पलीकडे चहा घेत थांबतो.’

तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकत्र होतात. पुढे त्यांची चिनाब होते. पण मोटारसायकलवाला संगम बघायला थांबत नाही, तो पंपाची पाटी बघायला थांबतो. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असं सांगणारी ती पाटी एवढी प्रसिद्ध आहे की तिच्यासोबत फोटो काढायला रांग असते आणि पंपावर त्याहून मोठी. इथे सगळे टाकी भरून वर पाच-पाच लिटरचे कॅन भरून घेतात. दोन्ही इंजिनियरांनी सरासरी काढून किती पेट्रोल लागेल ते वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांनीही आपापल्या हिशेबापेक्षा दुप्पट भरलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मोटारसायकलचा प्रवास म्हणजे चालवणं. तो म्हणजे थांबणं. आणि गटाचा प्रवास म्हणजे दुसऱ्यासाठी थांबणं. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून सगळेजण डायमॉक्स घेतात. डॉक्टरांनी (दातांच्या) आम्हाला समजावून सांगितलं, की ही गोळी मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकते, त्याने रक्त जरासं आम्लधर्मी होतं आणि मग श्वास आपोआप जास्त चालतो. म्हणजे हवेतला प्राणवायू वाढत नाही, आपण जास्त हवा ओढतो. हे सगळं बरोबर आहे. पण गोळीचं दुसरं काम ते पुटपुटत बोलले: लघवी जास्त होते. शिवाय उंचीवर पाणी भरपूर प्यायचं असतं. थंडीने तर ती होतेच होते. शिवाय प्रत्येकाच्या खिशात तुळशीबागेतली कापराची पुडी होती. कापूर हुंगल्याने अंगातला प्राणवायू वाढत नाही, पण कुठेतरी आरती चालू आहे असं वाटत राहतं आणि तेवढाच धीर येतो.

आता अंगावरचे कपडे मोजा. आत थर्मल, त्यावर जीन्स, त्यावर गुडघ्याचे गार्ड, त्यावर रायडिंग पँट, त्यावर पावसाची पँट. हातात दुहेरी मोजे, बोटं गारठलेली. एका माणसाचा तो कार्यक्रम सात मिनिटांचा होतो. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित सांगतं की बारा जण एकदम थांबले तर बारा जणांचं काम सात मिनिटांतच आटपलं पाहिजे. ते गणित करणाऱ्याने कधी गटाने राइड केलेली नाही. एकजण थांबला की बाकीचे अकरा गाडीवर बसून म्हणतात, ‘मला नाही आली.’ दोन वळणं झाली की त्यातल्या एकाला येते. तो उतरल्यावर दोघं सिगारेट काढतात. सिगारेट दिसली की रीलवाला ड्रोन काढतो. ड्रोन वर गेलं की बॅटरी संपेपर्यंत खाली येत नाही. तेवढ्यात पहिल्याला परत येते.

या सगळ्यानंतर लीडर हेल्मेटची काच वर करून विचारतात, ‘सगळे आले का?’

हा प्रश्न त्या प्रवासात आम्ही किती वेळा ऐकला ते सांगण्यात अर्थ नाही. पण त्याचं उत्तर कधीही ‘हो’ असं आलं नाही. एक माणूस कायम कमी असायचा. मग स्वीप त्याला शोधायला मागे जायचा, आता दोन कमी. वीस मिनिटांनी समोरून येणारा ट्रकवाला सांगायचा की तुमचा एक माणूस पुढे सहा किलोमीटरवर दगडावर बसलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतोय, ‘सगळे कुठे राहिले?’ तो दुसऱ्याच एका गटाच्या मागे लागून पुढे निघून गेलेला असायचा. जॅकेट सगळ्यांची सारखी, गाड्या सगळ्यांच्या सारख्या. संध्याकाळी तर एक नागपूरचा गृहस्थ आमच्याबरोबर राजमा-चावल जेवून, हात धुऊन, मगच म्हणाला की अरेच्चा, तुम्ही ते नव्हे.

या थांबण्याच्या घोळातून दोघी बायका मात्र सुटल्या होत्या. दारच्या गावाच्या पुढे रस्त्याला झाड म्हणून नाही, आडोसा म्हणून नाही. लीडरच्या पीडीएफमध्ये टायरच्या हवेवर दीड पान होतं आणि या विषयावर एक ओळ नव्हती. त्या दोघींनी येतानाच एक मोठा पाँचो आणला होता. दोघी एकदमच थांबायच्या, एकीने पाँचो धरायचा, मग दुसरीने, तीन मिनिटांत दोघी परत गाडीवर. पुढच्या वेळी नियमावली त्यांना लिहायला द्यावी असं मी सुचवलं. माझा ठराव अनुमोदनाअभावी बारगळला.

या थांबण्याची किंमत नाल्यावर मोजावी लागते. हिमालयातल्या नाल्याला घड्याळ असतं. रात्री वर बर्फ गोठलेला, त्यामुळे सकाळी सहाला नाल्यात घोट्याएवढं पाणी. तळाचे गोटे दिसतात. उन्हं चढतात तसा बर्फ वितळतो आणि दुपारी तीनला तेच पाणी मांडीपर्यंत येतं, गढूळ, दगड घरंगळत आणणारं. बारालाचा खिंडीच्या अलीकडे एका नाल्याला लोकांनी नावच पागल नाला ठेवलंय. ट्रकवाले हे जाणतात, म्हणून पहाटे चारला निघतात. आम्हीही पहाटे साडेपाचला निघणार होतो. जिस्पाच्या मुक्कामाहून साडेआठला निघालो, कारण चहा दोनदा झाला, आणि नाल्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

नाला ओलांडायचे नियम साधे आहेत. पहिला गिअर, क्लचला हात लावायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर, आणि मध्ये थांबायचं नाही. रीलवाला पहिला उतरला, कारण त्याला बाकीच्यांचं चित्रीकरण पलीकडून करायचं होतं. मधोमध जाऊन त्याने कॅमेरा चालू आहे का ते पाहिलं. गाडी बंद. दोन्ही इंजिनियर पाण्यात उतरले आणि कितीतरी दिवसांनी एकमेकांशी बोलले: ‘तू मागून ढकल.’ ‘तू ढकल.’ शेवटी काठावर जेसीबी लावून विडी ओढत बसलेला एक पोरगेला ऑपरेटर निवांत आला आणि त्याने हँडलला धरून गाडी बाहेर काढली. पैसे घेतले नाहीत. असं तो दिवसातून बऱ्याचदा करत असावा.

काकांनी हे सगळं शांतपणे पाहिलं. मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यावर दुमडली, आणि फट्-फट्-फट् करत अनवाणी पलीकडे गेले. असं करू नये, पायाला दगड लागतात, हे सगळे जाणकार सांगतात आणि खरंच सांगतात. पण पलीकडे जाऊन काकांनी पंच्याने पाय पुसले, कोरडे मोजे घातले आणि वेलचीचा दाणा तोंडात टाकला. आमच्या पायांत महागाचे वॉटरप्रूफ बूट होते. वॉटरप्रूफ बुटाची खासियत अशी, की तो आत गेलेलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. बारालाचाची १६,००० फुटांची खिंड आम्ही दोन पाय दोन थंडगार बादल्यांत घेऊन ओलांडली.

‘सरचूत मुक्काम करू नये’ हे पीडीएफमध्ये ठळक अक्षरांत होतं. आम्ही सरचूत मुक्काम केला. कारण अंधार पडला.

का करू नये, तेही सांगतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असा डॉक्टरी संकेत आहे. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, सरचू ४,२९० च्या आसपास. एका दिवसात हजार मीटर. अंगाला हे कळत नाही असं नाही, पण ते रात्री कळतं. डोक्यात कुणीतरी तांब्याची भांडी घासत असतं. झोप लागली तर श्वास काही सेकंद चक्क थांबतो आणि माणूस दचकून मोठ्याने हवा ओढत जागा होतो. एका तंबूत सहा जण असले की हे आळीपाळीने होतं, त्यामुळे झोप कुणालाच लागत नाही. सगळे एकमेकांचा श्वास मोजत पडलेले. पुण्यापासून अखंड बोलत आलेली माणसं त्या रात्री एक शब्द बोलली नाहीत. खजिनदारांनी जादा ऑम्लेट कुणी खाल्लं हे विचारलं नाही. टायरच्या हवेचा विषय निघाला नाही. रात्री दोनच्या सुमारास अंधारातून लीडरचा आवाज आला, ‘सगळे आहेत ना रे?’ आणि पहिल्यांदाच सहाच्या सहा जण ‘हो’ म्हणाले.

सकाळी काकांची बुलेट तिसऱ्या किकला सुरू झाली. नव्या गाड्यांमध्ये इंधन मोजून सोडणारा संगणक असतो, तो पातळ हवेत पेट्रोल आपणच कमी करतो. काकांच्या कार्ब्युरेटरला हे ज्ञान नाही. त्यामुळे ती चढावर काळा धूर सोडत, खोकत, पण जात राहिली. मुळात इंजिन असो की माणूस, पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. कुणाचीच ताकद पुरी राहत नाही. चढावर आम्हाला मागे टाकून एक ट्रक गेला, आणि त्याच्या मागे फडक्यात बांधलेल्या कोंबड्या आहेत हे नीट बघता येईल एवढ्या सावकाश गेला.

गाटा लूप्स म्हणजे एकावर एक रचलेली २१ वळणं. त्यातल्या एका वळणावर भूत आहे. गोष्ट अशी सांगतात, की फार वर्षांपूर्वी मोसमाच्या शेवटी एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत गेला, आजारी क्लीनर गाडीपाशी थांबला. बर्फ पडला, मदत वेळेत आली नाही, क्लीनर गेला. तेव्हापासून तो येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाणी मागतो. म्हणून लोक तिथे पाण्याची बाटली ठेवतात, कुणी सिगारेटही. आता तिथे दगडांच्या छोट्याशा देवळाभोवती प्लास्टिकच्या बाटल्यांचा डोंगर आहे, आणि नीट पाहिलं तर बऱ्याच बाटल्या रिकाम्या किंवा अर्ध्या प्यालेल्या आहेत. भुताला उष्टं पाणी पाजणारा देश आपलाच असावा. काकांनी मात्र सीलबंद बाटली ठेवली. झाकण सैल करून ठेवली, ‘बिचाऱ्याला उघडता यायची नाही’ म्हणून.

पांगला ढाबे म्हणजे लष्कराच्या जुन्या पॅराशूटांचे तंबू. आत एका ओळीत गाद्या, जाड रजया, मध्ये शेगडी, आणि सगळं काही एकट्याने सांभाळणारी लडाखी बाई. ‘दीदी, जरा आलं टाकके चाय देना, और साखर कम,’ असं आमच्या खजिनदारांनी आपल्या खास हिंदीत सांगितलं. तिला ते नीट कळलं. तिच्याकडे दर उन्हाळ्यात निम्मा महाराष्ट्र येतो. चहा आला आणि लगेच पिता आला. एवढ्या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. चहा जीभ भाजत नाही, भात शिजत नाही, डाळ कुकरशिवाय मऊ होत नाही. मॅगीचं या रस्त्यावर जे राज्य आहे ते चवीमुळे नव्हे, या उकळबिंदूमुळे आहे.

पुढे मोरे मैदान. चाळीसेक किलोमीटर सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना वाळू, दूरवर चांगपा मेंढपाळांचे तंबू आणि पश्मिन्याच्या शेळ्या. या रस्त्याचा सगळ्यांत सुंदर भाग हाच, माझ्या मते पँगाँग तलावापेक्षाही. इथे पीडीएफ वाऱ्यावर गेली. सगळ्यांनी लीडरना मागे टाकलं, अगदी स्वीपनेसुद्धा. एका बाजूला क्यांग, म्हणजे तिथली रानगाढवं, आमच्या बरोबरीने धावत होती. थोडा वेळ धावून ती थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. त्यांच्यात कुणी कुणाला मोजत नव्हतं.

तंगलंग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर. तिथे रस्त्याचं काम चालू होतं. डांबराच्या पिंपाखाली जाळ, तोंडाला फडकं बांधलेली माणसं, त्यात बायकाही, खडी पसरत होती. ही मंडळी झारखंडातल्या दुमक्याकडून दर उन्हाळ्यात येतात. लडाखचे रस्ते बऱ्याच अंशी त्यांच्या हातचे आहेत. आम्ही तिथे ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आरोळी ठोकली, पण ‘जय’ पर्यंत दम पुरला नाही. ती माणसं त्याच हवेत फावडं मारत होती. त्यांच्यातल्या एकाने आमचा फोटो काढून दिला. अंगठा कुणाचा आडवा आला नाही, डोकी कुणाची कापली गेली नाहीत. रीलवाल्याने काढलेल्या फोटोंपेक्षा तोच चांगला आलाय.

उताराला लागल्यावर पाट्या दिसू लागतात. सीमा सडक संघटनेच्या या भागातल्या प्रकल्पाचं नाव हिमांक, १९८५ पासूनचा. त्यांच्या इंग्रजी यमकांच्या पाट्या जगप्रसिद्ध आहेत: दारू आणि धोक्याचं यमक, प्रेयसीला उद्देशून वेगाबद्दलची तक्रार, वळणांबद्दलचा जरा चावट विनोद. या पाट्या कुणी लिहिल्या असतील याचा मी त्या रस्त्याभर विचार करत होतो. माझा अंदाज असा, की पंधरा हजार फुटांवर दोन वर्षं नेमणूक झालेला, घरापासून लांब असलेला कुणी सुभेदार असणार. एवढं सभ्य प्रेमपत्र सरकारी पिवळ्या रंगात दुसरं कुणी लिहू शकत नाही.

लेहमध्ये पोचल्यावर दोन दिवस पडून राहिलो, जर्दाळू खाल्ले, आणि खजिनदारांनी हिशेब मांडला. त्यात ‘चहा, नाल्याअलीकडे’ आणि ‘चहा, नाल्यापलीकडे’ अशा दोन स्वतंत्र नोंदी होत्या. एक गोष्ट जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: मनालीहून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली लेहच्या पुढे पँगाँग-नुब्राला चालत नाहीत, स्थानिक लोक अडवतात. स्वतःच्या नावावरची गाडी हवी, नाहीतर लेहमध्येच भाड्याने घ्यावी. आणि गट सहाच्या वर नेऊ नका. सहा जण एका तंबूत मावतात, एका टेबलाभोवती बसतात, आणि ‘सगळे आले का’ हे मान वळवून बघता येतं.

शेवटी खारदुंग ला. पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नीट मोजणी केली तेव्हा ही खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट निघाली. आठशे फूट हवेत विरले. यावर वाद घालायला आमचे दोन्ही इंजिनियर मोबाइलवर उंची लावून पाटीपाशी गेले आणि त्यांना पाटीवरचा आकडाच दिसेना. कारण पाटी स्टिकरांनी भरलेली होती. कोल्हापूर, ठाणे, चिंचवड, बेंगळुरू, कोची, सगळ्यांचे रायडर क्लब, सगळ्यांचे गरुड नाहीतर कवट्या. रीलवाला मुलगा खिशातून आमचे स्टिकर काढत होता. त्याने पुण्यात चांगले जाड, चकचकीत छापून घेतले होते. त्या दोघींपैकी एकीने ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि सॅडल बॅगेत टाकले.

तेव्हा एवढीच विनंती. जाताय तर जरूर जा, पण स्टिकर आपापल्या फ्रिजवर लावा. कुठल्या क्लबाचे कोण कधी खिंडीत आले हे जगाला कळलं नाही तरी चालेल. पाटीवरचा आकडा चुकीचा असला, तरी तो पुढच्याला वाचता आला पाहिजे.